शेवटच्या दिवसाचा शर्ट

नाटकाच्या दौऱ्यावर सगळ्यात जास्त बोलणी कोण खातं, असं कुणी मला विचारलं तर मी सांगेन, कपडे सांभाळणारी बाई. नट संवाद विसरला तर लोक हसून सोडून देतात. दिवा भलत्या वेळी गेला तर प्रेक्षकांना वाटतं, तेही नाटकातलंच असेल. पण शर्टाचं बटण तुटलेलं असलं, तर ते पहिल्या रांगेतल्या बाईला दिसतं आणि शेवटच्या रांगेतल्या बाईलाही दिसतं, आणि दोघी ते एकमेकींना सांगतात. गेली नऊ वर्षं मी हे काम करते आहे. एक गाडी, अकरा माणसं, चार ट्रंका भरून कपडे आणि रोज नवं गाव.

नाटकात दुसऱ्या अंकात गोळी सुटते. रक्त खोटं असलं तरी डाग खरा पडतो. तो थंड पाण्यातच काढायचा, गरम पाणी लागलं की शर्ट गेलाच म्हणून समजा. तोंडाचा रंग कॉलरीला लागतो, त्याला भांड्यांचा साबण लावायचा, कपड्यांचा नाही. कोट तर धुवायचेच नाहीत. उलटे करायचे, काखेत स्पिरिट मारायचं आणि वाऱ्याला लावायचे. हे मला कुणी शिकवलं नाही, लॉजच्या गळक्या बादल्यांनी शिकवलं. एकदा तर चालत्या गाडीच्या खिडक्यांना ओले मोजे लावून आम्ही तीन गावं ओलांडली, आणि रस्त्यावरच्या लोकांनी आमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. डाग म्हटलं की माझे हात शिवशिवतात. कुठलाही डाग द्या, मी काढते. ही बढाई आहे, पण माझ्याकडे बढाई मारायला दुसरं काही नाही.

तसं म्हटलं तर एक मुलगी आहे. पण तिची बढाई मी कुठल्या तोंडानं मारणार? ती सात वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि मला हे काम मिळालं. दौऱ्यावर लहान पोर नेता येत नाही. नणंदबाई म्हणाल्या, "ठेव माझ्याकडे, मला काही जड नाही." मी म्हटलं, "हा दौरा संपेपर्यंत." दौरा संपला, लगेच दुसरा लागला. मग तिसरा लागला. आता ती सोळा वर्षांची आहे आणि मी अजून तिला बबडी म्हणते, कारण मी शेवटची तिच्याबरोबर सलग राहिले तेव्हा ती बबडीच होती. वर्षातून तीन-चारदा आम्ही भेटतो, तेही आमच्या गाडीच्या सोयीनं. मी तिच्यासाठी कपडे आणते आणि ते दर वेळी आखूड होतात.

या खेपेला मी ठरवलं होतं. तिची शाळा संपली होती, कायमची. पुढचं कॉलेज सुरू व्हायला दोन महिने होते. ते दोन महिने तिनं माझ्याबरोबर काढावेत, गाडीत माझ्या शेजारी बसावं, लॉजवर माझ्या खोलीत झोपावं, एवढंच मला पाहिजे होतं. मॅनेजरच्या मागे लागून लागून मी गाडीतली एक जागा रिकामी करून घेतली. आमचा मॅनेजर माणूस वाईट नाही, फक्त त्याला हो म्हणायला पंधरा दिवस लागतात. मग मी बबडीला फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"भेटल्यावर सांगते," ती म्हणाली.

भेट आठ दिवसांवर होती. त्या आठ दिवसांत मी त्या दोन शब्दांचा इतका विचार केला, की एका नटाची विजार मी दुसऱ्याच्या हँगरला लावली आणि ऐन प्रयोगात उंच माणूस घोट्याच्या वर विजार घालून फिरला. येणार असती तर फोनवरच हो म्हणाली असती. येणार नसती तर नाही म्हणाली असती. माणूस एकदा असा विचार करायला लागला की घोडं अडलंच.

ती राहते ते गाव आमच्या वाटेवर होतं. दोन प्रयोगांच्या मधला दिवस, गाडी तिथे अकराला थांबणार आणि चारला निघणार. बाकीची मंडळी जेवायला आणि पाय मोकळे करायला गेली. मी ट्रंका घेऊन थेट मशीनच्या लाँड्रीत गेले. टोकन टाकून मशीन चालवायचं, अशी ती लाँड्री. भिंतीला सहा मशीनं, समोर लाकडी बाक, मागच्या बाजूला हातानं धुण्यासाठी एक मोठं सिंक. मालक म्हणजे काउंटरमागे बसून आले-गेले कपडे बघत राहणारा म्हातारा. मी आत शिरून डाग बघून बघून शर्ट वेगळे करायला लागले तशी तो चष्मा पुसून बघायला लागला.

"धंद्यातल्या दिसता," तो म्हणाला.

"नऊ वर्षं," मी म्हटलं.

बारा वाजता बबडी आली. दारात उभी राहिली आणि मला कळेना, आधी काय बघू. माझ्याहून उंच झाली होती. केस कापले होते. चष्मा नवा होता. मी ओल्या हातांनी तशीच तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवर माझे दोन ओले पंजे उमटले.

"बबडे, किती गं वाळलीस!"

"आई, बबडी म्हणू नकोस ना लोकांसमोर," ती हळूच म्हणाली, पण हसली. मग म्हणाली, "आत्यानं डबा दिलाय. आधी जेवू."

बाकावर बसून आम्ही जेवलो. मी तिला विचारलं, पेपर कसे गेले. बरे गेले. आत्या कशी आहे? बरी आहे. गुडघा? बरा आहे. तिनं मला विचारलं, नाटक कसं चाललंय. मी म्हटलं, बरं चाललंय. फोनवर बोलतो तसंच आम्ही समोरासमोर बोलत होतो, आणि मशीन गरगरत होतं म्हणून निदान शांतता तरी नव्हती. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायची मला छाती होत नव्हती. तिच्या पायाशी एक मोठी बॅग होती. चांगली टम्म फुगलेली. एका दुपारसाठी कुणी एवढी बॅग आणत नाही. मी तिच्याकडे बघायची आणि बॅगेकडे बघायची.

जेवण झाल्यावर ती उठली. "मला शाळेत जाऊन दाखला आणायचाय. ऑफिस तीनला बंद होतं, रांग मोठी असणार. बॅग इथेच ठेवते. आणि ऐक ना, आल्यावर तुला एक गंमत दाखवायचीय. त्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही."

"जा, मी आहे," मी म्हटलं. ती गेली. काचेतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिले.

ती वळली आणि मी बॅग उघडली.

लपवून काय करायचं, उघडली. मला फक्त बघायचं होतं, आत दोन महिन्यांचे कपडे आहेत का. असते तर मी चेन परत लावली असती आणि तोंडावर काही दिसू दिलं नसतं. वर एक रजई होती. तिला चिठ्ठी टाचलेली, नणंदबाईंच्या अक्षरात: "वहिनी, लॉजवरची पांघरुणं घेऊ नकोस, ही घे." रजईनंच बॅग फुगली होती. खाली पाण्याची बाटली, कागदांची एक फाईल, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला शाळेचा पांढरा शर्ट. बाकी काही नव्हतं. परकरसुद्धा नाही, मोजेसुद्धा नाहीत.

म्हणजे ती येणार नव्हती.

मी बाकावर बसून राहिले. मग पिशवीतला शर्ट काढला, का काढला देव जाणे. सवय. दुसऱ्याच्या बॅगेत कपडा दिसला की मी काढून उजेडात धरते. शर्ट उलगडला.

शर्टभर लिहिलेलं होतं. समोर, बाह्यांवर, कॉलरीवर, निळ्या-काळ्या-हिरव्या पेनांनी, कसंही, आडवंतिडवं. कुणी लिहिलं होतं, "चष्मिश". कुणी, "म्हशी, आता तरी डबा वाटून खा". कुणी, "सुटलो एकदाचे तुझ्यापासून". एका बाहीवर गाढवाचं चित्र होतं आणि त्या गाढवाला चष्मा होता. आणि पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, लाल मार्करनं, हाताच्या बोटाएवढ्या जाड अक्षरांत: "नाटकवाली".

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं कसं कळलं नाही? नाही कळलं. मी आठवीत शाळा सोडली, आणि आमच्या वेळी शाळा सुटली की दप्तर फेकून लोक घरी जायचे. मला एवढंच माहीत होतं, की माझ्या पोरीला बाप नाही, आई गावोगाव फिरते, आणि अशा पोरांना वर्गात काय ऐकावं लागतं. ही भीती मी नऊ वर्षं उरात घेऊन फिरते आहे. नाटकवाली. मला स्वतःला हा शब्द खूपदा ऐकायला लागला आहे, लॉजच्या काउंटरवर, रस्त्यात, एकदा तर नणंदबाईंच्या शेजारणीकडून. माझं मला चालतं. पण तो माझ्या पोरीच्या पाठीवर लिहिलेला बघितला आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पाठ आली, ती खाली मान घालून बाकावर बसलेली आणि मागून सगळी कार्टी लिहिताहेत. आणि पोरगी तो शर्ट घरात ठेवू शकत नाही, आत्याला दाखवू शकत नाही, म्हणून बॅगेच्या तळाशी लपवून घेऊन हिंडते आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ती यायच्या आत यातलं एक अक्षर शिल्लक राहता कामा नये. तिला विचारायचंसुद्धा नाही, लाजेल. नुसता पांढरा स्वच्छ शर्ट हातात द्यायचा.

मी सगळं बाजूला सारलं. शर्टाच्या आत टॉवेलची घडी घातली, कापसाचे बोळे केले, स्पिरिटची बाटली काढली. पेनाची शाई घासायची नसते. स्पिरिटचा बोळा नुसता टेकवायचा, दाबायचा, शाई खालच्या टॉवेलात उतरू द्यायची आणि बोळा बदलायचा. घासलं की पसरते. मी एकेक शब्द घेतला. "चष्मिश" गेला. "म्हशी" गेली. गाढव गेलं, त्याचा चष्मा मात्र जरा वेळानं गेला. कॉलरीच्या आत कुणीतरी बारीक अक्षरात नुसता एक आकडा लिहिला होता, बावीस. तोही मी काढला, तो तर एका बोळ्यात गेला. मनातल्या मनात मी एकेकाला असल्या शिव्या घालत होते, की आमच्या नाटकाच्या लेखकाला आयुष्यात सुचल्या नसत्या.

काउंटरवरचा म्हातारा उठून जवळ आला. शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सगळं काढणार?" त्यानं विचारलं.

"सगळं," मी म्हटलं, अशा आवाजात, की तो परत जाऊन बसला.

लाल मार्करनं मात्र माझा घाम काढला. अर्धी बाटली त्या एका शब्दानं खाल्ली. अक्षरं गुलाबी झाली, पण जाईनात. मग भांड्यांचा साबण, मग पांढऱ्या कपड्यांची पावडर घालून कोमट पाणी, परत स्पिरिट, परत साबण. बोटांची सालं निघाली. अडीच वाजता मी शर्ट दिव्याखाली धरला आणि पाठीवर काही नव्हतं. वाळवणाच्या मशीनमध्ये टाकला, बाहेर काढून इस्त्री केली, हँगरला लावला आणि दारासमोरच्या खुंटीला अडकवला, म्हणजे ती आत आल्याबरोबर दिसेल. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासाठी वेळेवर काहीतरी केलं होतं.

पावणेतीनला ती आली. हातात दाखला, पळत आल्यामुळे लाल झालेला चेहरा.

"झालं काम. आता गंमत," म्हणत ती बॅगेकडे गेली. मग तिला खुंटी दिसली. "हा कुणाचा?"

"तुझाच की गं."

ती शर्टापाशी गेली. तिनं समोरून बघितलं. मग हँगर फिरवला आणि पाठ बघितली. मग शर्ट हँगरवरून काढून तिनं तो उलटा केला आणि आतून बघितला.

"आई, यावरचं कुठाय?"

"काढलं सगळं," मी म्हटलं. "एक अक्षर ठेवलं नाही. तू काळजी करू नकोस, बबडे. मला फक्त सांग कुणी कुणी लिहिलं. चारपर्यंत वेळ आहे, मी येते शाळेत, बघतेच एकेकाला."

"सगळ्यांनी लिहिलं," ती म्हणाली. "मीच त्यांना सांगितलं होतं लिहायला."

"तू?"

"शेवटचा दिवस होता, आई."

मला अजूनही कळत नव्हतं. काउंटरमागून म्हातारा अगदी हळू आवाजात म्हणाला, "लिहितात मुलं, बाई. शेवटच्या दिवशी एकमेकांच्या शर्टावर. आठवण म्हणून. आमच्या मुलीचा अजून कपाटात आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल आणि तरी काढताय, म्हणजे तुमचं काहीतरी कारण असेल."

तेव्हा मला कळलं. आधी हातांना कळलं, ते गार पडले.

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोरीला कसं जवळ घ्यायचं ते मला येतं. ती ओरडली असती तरी चाललं असतं, मीही ओरडले असते, मग दोघी रडलो असतो. ती नुसती बाकावर बसली, शर्ट मांडीवर घेऊन, आणि पाठीच्या जागेवरून हात फिरवत राहिली.

मी ट्रंकेतून कपड्यांवर लिहायचं पेन काढलं. नटांच्या कॉलरीत नावं घालायला मी ते वापरते, ती शाई कशानंही जात नाही. "तू सांग," मी म्हटलं, "मी परत लिहिते. जसंच्या तसं. कोण कुठे होतं ते मला सगळं आठवतं, बघ, इथे चष्मिश, इथे ते गाढव..."

"तुझ्या अक्षरात?" ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं माझं पहिल्यांदा झालेलं नाही, पण या वेळी ते भलतं माझ्या मुलीच्या मांडीवर पडलेलं होतं. मी तिच्या शेजारी बसले. मशीन थांबलं होतं, आतले नटांचे कपडे बाहेर काढायला हवे होते, चुरगळत होते. मी उठले नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मला वाटलं, तुला छळतात."

"कोण?"

"सगळे. बाप नाही म्हणून. आई अशी फिरते म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं असेल. "तुला असं वाटतं? इतकी वर्षं?"

"मग काय वाटणार? तू कधी काही सांगत नाहीस. सगळं बरं असतं तुझं."

"तू विचारतेस तेव्हा गाडी निघायची असते," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली, त्यामुळे जास्त लागलं.

मी म्हटलं, "मग आता सांग. काय काय होतं? कोण होते ते?"

मला वाटलं नव्हतं ती बोलेल. पण तिनं खिशाच्या जागेवर बोट ठेवलं. "इथे डुलकीनं लिहिलं होतं. ती पहिल्या तासापासून झोपते. सुटलो एकदाचे, ते तिचंच. ते लिहिताना ती इतकी रडत होती, की तिथे शाई जरा पसरली होती." मग बाही. "हे गाढव जिराफनं काढलं होतं. त्याला चित्रात फक्त गाढव येतं, जीवशास्त्राच्या पेपरात बेडूक काढायचा होता तर त्याचंही गाढव झालं." मी हसले. तीही जरा हसली. "म्हशी कोणी लिहिलं?" मी विचारलं. "त्या गणिताच्या बाई." "बाईंनी म्हशी लिहिलं?" "त्या माझ्या डब्यातलं रोज खायच्या, आत्याच्या हातचं. मी एक दिवस दिलं नाही."

ती सांगत गेली. मी कधी नावंही ऐकली नव्हती अशी माणसं. पावसात सायकलवरून सोडणारी एक, उत्तरं दाखवणारा एक, दोन वर्षं भांडण धरून बसलेली आणि शेवटच्या दिवशी शर्टावर लिहून बोलायला लागलेली एक. काही ठिकाणी ती अडकायची. "इथे काहीतरी होतं... थांब हं..." म्हणायची आणि डोळे मिटून बसायची. कधी आठवायचं, कधी नाही. नाही आठवलं की ते बोट तिथून उचलायला तिला वेळ लागायचा.

"आणि कॉलरीत?" मी विचारलं. "नुसता आकडा होता. बावीस."

तिचे कान लाल झाले. "तो त्याचा हजेरीचा नंबर."

"नाव का नाही लिहिलं?"

"असंच," ती म्हणाली आणि कॉलर दुमडून ठेवली. मी पुढे विचारलं नाही. तो आकडा एका बोळ्यात गेला होता, हे मी तिला सांगितलं नाही आणि कधी सांगणारही नाही.

मग पाठ राहिली.

"ते मला सगळी शाळा म्हणते," ती म्हणाली. "पाचवीपासून. मधल्या सुट्टीत मी त्यांना तुझ्या गोष्टी सांगायचे ना. तू फोनवर सांगायचीस त्या. खिडक्यांना मोजे लावले ती. नटाची मिशी सूपमध्ये पडली ती. सगळे माझ्याभोवती बसायचे. नवीन गोष्ट नसली तर मी बनवून सांगायचे. म्हणून नाटकवाली."

मी तोंडाला पदर लावला. अर्धी बाटली स्पिरिट मी त्या शब्दावर ओतलं होतं.

"त्याच्या खाली मी कुणाला लिहू दिलं नाही," ती म्हणाली. "एवढी जागा ठेवली होती. सगळे विचारत होते, कुणासाठी? मी म्हटलं, खरी नाटकवाली येणार आहे पुढच्या आठवड्यात, तिची सही घ्यायचीय. तीच गंमत होती."

पेन मी परत हातात घेतलं. "कुठं लिहू?" मी विचारलं.

"आता काय," ती म्हणाली, "कुठंही लिही."

ती टोमणा मारत नव्हती. शर्ट तिनं माझ्या मांडीवर पसरला, पुढून, मागून, सगळा पांढरा, आणि मी पेनाचं टोपण काढलं. काय लिहायचं? जिराफला एक गाढव येत होतं. गणिताच्या बाईंना तिचा डबा माहीत होता. डुलकीला सुटलो म्हणून रडता येत होतं. मी तिची आई, मला तिच्याबद्दल असं काय येत होतं जे दुसऱ्या कुणाला येत नाही? ती लहानपणी दूध बशीतून प्यायची. तिला विजेच्या आवाजाची भीती वाटायची. ते सगळं सात वर्षांच्या मुलीचं होतं. या उंच, कापलेल्या केसांच्या मुलीबद्दल मला आज दुपारपर्यंत काही माहीत नव्हतं, आणि आज जे कळलं तेही मीच पुसलेलं. पेन शर्टाला टेकलं नाही. टेकलं असतं तर तिथे ठिपका पडला असता आणि तो कधीच गेला नसता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मॅनेजर दारात आला. "बाई, चार वाजत आले. कपडे झाले ना? आणि ही आपली पाहुणी वाटतं. जागा ठेवलीय हं तुझ्यासाठी, खिडकीची."

बबडी उठून उभी राहिली. "मी नाही येत, काका," ती त्याला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. "आई, मला यायचं होतं. पण जूनपर्यंत सगळे इथे आहेत. मग कोण कुठे जाणार, कुणाला माहीत नाही. दोन महिनेच आहेत. मला ते त्यांच्याबरोबर पाहिजेत."

नाही म्हणायला मला कुठलाच हक्क नव्हता. मी मान हलवली.

ती मशीनमधले कपडे काढायला मला मदत करायला लागली. आम्ही दोघींनी मिळून शर्टांच्या घड्या घातल्या, तिच्या घड्या माझ्यासारख्याच होत्या, बाह्या आधी मागे आणि मग मध्ये. तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. ट्रंका गाडीत चढल्या. मी तिचा शर्ट घडी करून तिच्या बॅगेत ठेवायला लागले तर तिनं तो काढून माझ्या हातात दिला.

"राहू दे तुझ्याकडे. सुचेल तेव्हा लिही."

"लिहून लगेच पाठवते," मी म्हटलं. "पुढच्या गावात पोस्ट आहे."

"पोस्टानं पाठवू नकोस," ती म्हणाली. "घेऊन ये. चारच्या गाडीला निघायचं नसेल तेव्हा ये."

आणि ती गेली. जाताना तिनं एकदा हात केला. तिच्या पाठीवर दुपारचे माझे ओले पंजे केव्हाच वाळून गेले होते, मी बघितलं.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मी खिडकीच्या जागेशेजारी बसून होते. खिडकीच्या जागेवर मी नणंदबाईंनी पाठवलेली रजई ठेवली होती. मग उठून पुढे गेले आणि मॅनेजरच्या सीटचा दांडा धरून उभी राहिले.

"मला सुट्टी पाहिजे," मी म्हटलं. "पुढच्या प्रयोगानंतर लगेच."

तो वळून बघायला लागला. नऊ वर्षांत माझ्या तोंडून त्यानं हा शब्द ऐकला नव्हता. "अहो बाई, दौरा ऐन मध्यावर आहे. रोज प्रयोग आहे. कपडे कोण धुणार?"

"कोणी नाही."

"म्हणजे? नटांनी काय मळके कपडे घालायचे?"

"घालू देत," मी म्हटलं. "मळक्या कपड्यांनी कुणी मरत नाही."

गाडीतले सगळे हसले. मॅनेजर हसला नाही, त्यानं डायरी काढली, पानं उलटली, सुस्कारा टाकला आणि विचारलं, "बरं. किती दिवस?"

मी म्हटलं, "चार." तो चार दिवसांवर राजी झाला, आणि या वेळी त्याला पंधरा दिवस लागले नाहीत. मी जागेवर येऊन बसले आणि शर्ट मांडीवर घेतला. माझ्या मुलीबद्दल एक वाक्य यायला चार दिवस पुरणार नाहीत, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.